पेल्यावरची पालथी वाटी

थट्टेखोर माणसाचं डोकं बिघडलं, तर ते घरच्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागतो. एखाद्या सरळमार्गी गृहस्थानं संध्याकाळी स्वतःच्याच दाराची बेल वाजवून बायकोला "आपण कोणाकडे आलात?" असं विचारलं असतं, तर पाच मिनिटांत जिना माणसांनी भरला असता. मी विचारलं तेव्हा आमची ही म्हणाली, "पुरे. चहा गार होतोय."

मग म्हणे मी आत आलो, पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसलो, चहा घेतला, "बरंय, येतो" म्हणून उठलो आणि आतल्या खोलीत जाऊन झोपलो. नऊच्या सुमारास उठून नेहमीसारखा जेवायला बसलो. 'म्हणे' अशासाठी, की यातलं मला काही आठवत नाही.

"नक्कल छान करता," ताट वाढताना ही म्हणाली, "पण गेलेल्या माणसाची करू नये. अगदी मामंजींचा आवाज काढलात."

मी हसलो. "कशी फसवली?" म्हणालो. माझ्या आजवरच्या मूर्खपणांची यादी केली, तर हे वाक्य बरंच वर येईल. कारण मी तिला फसवलं नव्हतं. कंपनीच्या बसमधून स्वारगेटला उतरलो, इथपर्यंतचं मला आठवत होतं. त्यानंतर एकदम समोर ताट. मधला सगळा रस्ता, जिना, बेल, चहा, कोणीतरी कात्रीनं कापून नेल्यासारखा गायब.

हे सगळं संगणकांना दोन हजार सालाची धास्ती बसली होती त्या सुमाराचं. तेव्हा आम्ही नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. ही शाळेत गणित शिकवायची. मी हडपसरच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. पंचवीस वर्षं बोर्डावर उभं राहून पेन्सिलीनं रेघा मारल्यावर एक दिवस बोर्ड भंगारात गेले, टेबलांवर संगणक आले, आणि पन्नाशीला आलेला मी माउस धरायला शिकलो. पहिल्या दिवशी तो मी पट्टीसारखा कागदावर ठेवून ओढला होता. मुलगा याच संगणकांच्या जोरावर नुकताच अमेरिकेला गेला होता. जग सगळं पुढे पळत होतं, आणि मला दहा वर्षांपासून मधुमेह होता.

वडिलांनाही होता. खरी भीती तिथेच होती.

वडील तीस वर्षं लोणी काळभोरच्या एका शाळेत मास्तर होते. रोज स्वारगेटहून बस धरून जायचे, संध्याकाळी परत. शाळेच्या मैदानाची धूळ उडून पाण्यात पडते म्हणून पाण्याच्या पेल्यावर वाटी पालथी घालायची त्यांना सवय होती. घरात धूळ नव्हती, तरी घरातही ते वाटी पालथी घालत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते अधूनमधून दुपारी उठून कोट चढवायला लागले. "शाळा आहे," म्हणायचे. दोनदा त्यांना स्वारगेटवरून परत आणलं. शेवटच्या वर्षात मी ऑफिसातून घरी आलो, की ते अदबीनं उभे राहायचे आणि विचारायचे, "आपण कोणाकडे आलात?"

म्हणजे मी दारात उभं राहून जे बोललो, ते वाक्य मुळात माझं नव्हतंच.

मी ते मनातून झटकलं. महिना बरा गेला. मग ऑफिसात भोकांचं प्रकरण झालं.

आमच्या सेक्शनला नागपूरकडचा एक तरुण इंजिनिअर होता. खोली घेऊन एकटाच राहायचा, मेसच्या जेवणाला कंटाळलेला. एके दिवशी सकाळी त्यानं मला हाक मारली. "काका, काल दुपारी काय करून राहिले होते तुमी?"

"का?"

"हे पाहा ना." त्यानं माझं आदल्या दिवशीचं ड्रॉइंग पडद्यावर उघडलं. एका झाकणाच्या कोपऱ्यात बारा मिलिमीटरचं एक भोक होतं. सुंदर, जागच्या जागी. त्यानं ते निवडलं आणि पुसलं. भोक तिथेच. पुन्हा पुसलं. खाली आणखी एक. पुन्हा. तो पुसत राहिला, मी मोजत राहिलो. चाळीस भोकं, एकावर एक, केसभर इकडे-तिकडे नाही. मी आदल्या दुपारी तास-दीड तास तिथे बसून एकच वर्तुळ चाळीस वेळा काढलं होतं, आणि मग शांतपणे संगणक बंद करून बसमध्ये बसलो होतो.

"चांगलं जमलंय," मी म्हणालो. "कंपनीला मजबूत भोक हवं होतं."

तो हसला नाही. "काका, काल मी दोन वेळा आवाज देला तुमाले. तुमी माह्याकडे पाहिलं. पण पाहिलंच नाही." जरा थांबून म्हणाला, "साहेबाले नाही सांगत मी. पण डॉक्टरले दाखवा."

हात माझा होता, काम चोख होतं, आणि ते करताना मी तिथे नव्हतो. मग कोण होतं?

शहाणा माणूस त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेला असता. मी गेलो नाही, कारण डॉक्टर काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, असं मला वाटत होतं. 'वडिलांवर गेलात.' ते ऐकायचं नव्हतं म्हणून मी गोळ्या मात्र अगदी वेळेवर घ्यायला लागलो. तीन-चार महिन्यांपूर्वीच डॉक्टरांनी सकाळची गोळी वाढवली होती. ती एकही चुकवली नाही. वडील गोळ्या विसरायचे, मी विसरत नाही, म्हणजे मी वडील नाही, असं माझं तर्कशास्त्र होतं. गणिताच्या बाईचा नवरा शोभलो नसतो.

पुढच्या महिन्यात ताटांचा दिवस आला. त्या दिवशी हिला शाळेत पालकसभा होती. साडेसहाला ती घरी आली तेव्हा दार सताड उघडं. मी गॅलरीत पाठमोरा उभा. आणि स्वयंपाकघरात टेबलावर तीन ताटं मांडलेली. स्वच्छ पुसलेली, रिकामी. तीन पेले, पाणी भरलेले. पैकी भिंतीकडच्या ताटाशी जो पेला होता, त्यावर वाटी पालथी घातलेली होती.

तिनं ती वाटी उचलली, धुतली आणि मांडणीवर ठेवली. मला हात धरून बसवलं. माझा हात गार आणि घामानं ओला होता, असं तिनं नंतर सांगितलं. थोड्या वेळानं मी तिला विचारलं, "ही ताटं कोणासाठी गं?"

"तेच तुम्हांला विचारणार होते."

त्या संध्याकाळी तिनं थट्टा आहे असं मानणं सोडलं. आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकणाऱ्या कॅलेंडरवर ती दुधाचे खाडे आणि सिलिंडरच्या तारखा लिहायची. त्या दिवसाच्या चौकोनात तिनं पेन्सिलीनं एक बारीक टिंब दिलं. मी पाहिलं, पण विचारलं नाही. आमच्याकडे ज्या गोष्टीची फार भीती वाटते ती विचारायची पद्धत नाही.

आणि महिन्याभरानं बस.

कंपनीची बस पाचच्या सुमारास स्वारगेटला सोडायची. तिथून घर चालत वीस मिनिटं. पुढचं मला आठवतं ते असं: ऊन तिरपं आलेलं, खिडकीशी मी, आणि बाहेरून माझा कारखाना चाललाय. मघाशी मागे टाकलेला कारखाना, उलट्या बाजूनं. गेटवरचा वॉचमन दिसला. त्याला हाक मारावी असं वाटलं, पण हाक कशी मारतात ते आठवेना. जीभ तोंडात दुसऱ्या कोणाची तरी ठेवल्यासारखी. हातात तिकीट होतं. त्यावरचे आकडे दिसत होते, पण आकडे म्हणजे काय ते कळत नव्हतं. सगळ्यात भयंकर म्हणजे मला भीती वाटत नव्हती. उलट उशीर झाल्याची घाई वाटत होती. कुठेतरी पोरं ओळीत उभी आहेत आणि माझ्यासाठी खोळंबली आहेत, हे मला पक्कं माहीत होतं.

शेजारी एक बाई भाजीच्या रिकाम्या पाट्या पायाशी घेऊन बसली होती. माल विकून गावाकडे परत निघाली असावी. ती माझ्याकडे बघत होती. "काका, बरं वाटत नाय का? घाम बघा केवढा आलाय. कुठं उतरायचं हाय?"

"लोणीला," मी म्हणालो. "शाळा सुटायच्या आत पोचायचंय."

"शाळा कवाच सुटली की. सहा वाजायला आले."

"पोरं थांबलीत."

मग तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि गूळ-शेंगदाणे माझ्यापुढे धरले. "घ्या, तोंडात टाका."

आणि तेव्हा, एवढ्या अंधारात बुडालेला असूनही, मी अत्यंत स्पष्ट आवाजात म्हणालो, "नको. माझा उपास आहे."

"मंग? गूळ-शेंगदानं चालत्यात की उपासाला."

वादच संपला. मी गूळ तोंडात टाकला. दुसरा खडा घेतला. तिसरा. काही मिनिटं गेली असतील. मग तिकिटावरचे आकडे हळूहळू आकडे झाले. मांजरी फाटा मागे गेला होता. मी एक पन्नास वर्षांचा ड्राफ्ट्समन होतो, घरापासून बराच लांब आलो होतो, आणि मी ज्या शाळेत निघालो होतो ती माझी नव्हती. तेव्हा मला भीती वाटली. पुढच्या थांब्यावर उतरलो. त्या बाईनं खिडकीतून उरलेला गूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "घरी जावा आता सरळ. मास्तर."

मास्तर. हा शब्द मी घरी सांगितला नाही.

घरी पोचलो तेव्हा आठ वाजले होते. ही दारातच होती. मी बाकी सगळं सांगितलं. ती शांतपणे आत गेली, कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बसा. काही दाखवायचंय."

मागची पानं उलटून तिनं चार महिन्यांतली चार टिंबं दाखवली. बेलचा दिवस तिला आठवत होता, कारण त्याच दिवशी सिलिंडर आला होता. भोकांची तारीख मीच सांगितली होती. ताटांची होतीच. चौथं टिंब तिनं माझ्यासमोर आजच्या चौकोनात दिलं.

"मधले दिवस मोजा."

"तूच सांग."

"एकोणतीस. तीस. एकोणतीस." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "हा चांद्रमास आहे. मी चोवीस वर्षं पोरींना सांगत आलेय, की चंद्रामुळे भरती-ओहोटी होते, बाकी काही होत नाही. आणि माझा नवरा चंद्र बघून दर महिन्याला सासरा होतो." तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. फक्त पेन्सिल टेबलावरून घरंगळत गेली ती तिनं उचलली नाही. "मला भीती वाटतेय. तुमची नाही. मी हे खरं मानायला लागेन, याची."

मी त्या चौकोनांकडे बघितलं. प्रत्येकात, टिंबाच्या शेजारी, बोटाच्या पेराएवढा गणपती छापलेला होता आणि त्याखाली लाल अक्षरात चंद्रोदयाची वेळ. हिनं आयुष्यात त्या चित्रांकडे पाहिलं नव्हतं. ती फक्त तारखा बघायची.

आता सांगायलाच हवं. लग्नाच्या वेळी हिची एकच अट होती: घरात व्रतं-उपास-तापास नाहीत. मी आनंदानं कबूल झालो, आणि पंचवीस वर्षं पेठेतल्या समस्त उपासकरूंची टिंगल करून ऑफिसात नाव कमावलं. मग मुलाचा अमेरिकेचा व्हिसा पहिल्यांदा नाकारला गेला. त्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीत, कोणी बघत नाही असं पाहून, एका देवळाबाहेर चपलाही न काढता बोललो: पोराचं काम होऊ दे, एकवीस संकष्ट्या करीन. दुसऱ्या खेपेला व्हिसा मिळाला. आता देवाला फसवायचं, की बायकोला? मी बायकोला फसवलं, ती जवळ होती.

पण चोरून उपास करणं फार अवघड. घरी साबुदाण्याची खिचडी मागता येईना. कॅंटीनमध्ये खावी, तर टिंगल केलेले सगळे तिथेच बसलेले. म्हणून मी सकाळी बिनसाखरेचा चहा आणि गोळी घेऊन निघायचो, डबा नागपूरच्या त्या पोराला द्यायचो, आणि दिवसभर नुसत्या पाण्यावर. चंद्रोदय झाला, की वारा खायला म्हणून गच्चीवर जायचो, चंद्राला हात जोडायचो आणि खाली येऊन जेवायचो. बेलच्या, ताटांच्या आणि बसच्या दिवशी गच्चीही राहिली होती.

हिनं हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डबा त्या मुलाला?"

"हो."

"मागच्या वेळी भरली वांगी होती. दीड तास गेला होता मला."

"त्यानं कौतुक केलं."

"तुम्ही येऊन मला सांगितलंत, की मीठ जरा कमी होतं."

 

दुसऱ्या दिवशी पेठेतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांपुढे दोघं बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. "अंगातली साखर खाली आणायची गोळी घ्यायची, आणि वर साखर जाऊ द्यायची नाही. वा. मेंदू साखरेवर चालतो हो. बाकीचं शरीर साठवणीतलं काढून भागवतं, मेंदूकडे साठवण नाही. आपल्याकडच्या दुकानदारासारखा आहे तो: माल संपला की शटर खाली. पाटीसुद्धा लावत नाही. हात-पाय चालू राहतात, सवयीनं. माणूस चालतो, बोलतो, भोकं पाडतो. फक्त आत कोणी नसतं."

"म्हणजे हे सगळं उपासामुळेच..." मी म्हणालो.

"चाळीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. उपासाला खिचडी, रताळी आणि बटाट्याचे वेफर खाऊन साखर वाढवून आलेले हजारो पाहिले. उपासाला खरंच उपाशी राहून आजारी पडलेले तुम्ही पहिले. बाहेर फोटो लावू का?"

ही पहिल्यांदा हसली. मीही हसलो. मग मी विचारलं ते विचारायला नको होतं.

"वडील सोमवार, एकादशी, चतुर्थी, सगळं करायचे. तेही गोळी घेऊन."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. माझ्या वडिलांना औषध या डॉक्टरांच्या वडिलांनीच दिलं होतं, याच खोलीत. "वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली, तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. विसरणं वाढतं. वारंवार फार खाली गेली, तरी बरं नाही. आणि वय असतंच. यातलं त्यांचं काय होतं, आता कसं सांगायचं?"

मला आठवत होतं. वडील असे भरकटले, की संध्याकाळी आई त्यांना प्रसादाचा पेढा भरवायची आणि ते जरा माणसात यायचे. देवाची कृपा, असं आम्ही म्हणायचो. वाटी पालथी घालणाऱ्या त्या माणसाला कदाचित दुपारीच एक पेढा हवा होता. आम्ही चंद्राची वाट बघत बसलो.

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुम्हांला दहा वर्षं झालीत. चार वेळा दिवे गेले. उपाशी राहिला नाहीत, तर असे पुन्हा जाणार नाहीत. बाकी लक्ष ठेवायचं." ते हिच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही ठेवताच आहात."

त्यांनी गोळी कमी करून दिली, खिशात कायम साखर ठेवायला सांगितलं. पुढच्या संकष्टीला मी सकाळी मुकाट्यानं पोळी-भाजी खायला बसलो, तर समोर वाटीभर साबुदाण्याची खिचडी आली आणि शेजारी दाण्याची आमटी.

"हे काय?"

"डॉक्टरांना विचारलंय. वाटीभर सकाळी, वाटीभर दुपारी. माझा विश्वास नाही म्हणजे नाही. पण एकवीस म्हटलं होतंत ना? गणित अर्धवट सोडलेलं मला चालत नाही." आणि डब्यात दोन कप्पे भरून म्हणाली, "खालचा त्या मुलाचा."

एकवीस झाल्या. कारखान्यात पुढे एकही भोक जास्तीचं पडलं नाही. कॅलेंडरची पानं उलटली, नवं कॅलेंडर आलं, त्यातल्या एकाही गणपतीशेजारी टिंब नाही. मी पुन्हा थट्टा करायला लागलो, आणि ही पुन्हा "पुरे" म्हणायला लागली. ही प्रकृती सुधारल्याची खूण.

मग त्या पावसाळ्याच्या अखेरीस, एका साध्या बुधवारी, आम्ही दोघं जेवत होतो. उपास नव्हता. दुपारचं जेवण, मधला चहा-बिस्किट, सगळं वेळेवर झालेलं. मुलाच्या ईमेलबद्दल बोलत होतो. बोलता बोलता ही थांबली. ती माझ्या ताटाकडे बघत होती. मीही खाली पाहिलं.

माझ्या पाण्याच्या पेल्यावर वाटी पालथी घातलेली होती.

मी घातल्याचं मला आठवत नव्हतं. तिनं घातली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी उठून मशिनवर साखर मोजली. एकशे अठरा. अगदी उत्तम.

"सवय असेल," मी म्हणालो. "लहानपणापासून बघत आलोय."

"असेल."

तिनं वाटी उचलली, धुतली, मांडणीवर ठेवली. मग भाजी गरम करायच्या निमित्तानं कॅलेंडरपाशी थांबली. तिची पाठ माझ्याकडे होती, पण पेन्सिल कागदावर टेकल्याचा आवाज मला ऐकू आला. नंतर ती दुसऱ्या खोलीत गेल्यावर मी जाऊन पाहिलं. बुधवारचा चौकोन. त्यात गणपती नव्हता, चंद्र नव्हता, काहीच छापलेलं नव्हतं. नुसतं एक टिंब.